सह्याद्री जागेवर बसवताना: रडार प्रतिमेच्या दुरुस्तीची कृती

२२ ते २३ जुलै २०२१ या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवसांत महाड-पोलादपूरच्या उतारांवर दरडी कोसळल्या, तळियेची वस्ती गाडली गेली. असा भाग वरून पाहायचा तर ऐन पावसाळ्यात कॅमेऱ्याचा उपग्रह निरुपयोगी, कारण त्याला दिसतात फक्त ढग. रडारला ढगांची पर्वा नसते. युरोपच्या सेंटिनेल-१ या उपग्रहाची लहर साधारण साडेपाच सेंटिमीटर लांबीची. ती ढग पार करून जमिनीवर आपटते आणि परत येते, दिवस असो की रात्र. वर ही प्रतिमा कुणालाही फुकट मिळते.

घोळ होतो तो ती तशीच नकाशावर टाकल्यावर. महाबळेश्वर पठाराची कड किलोमीटरभर कोकणात उतरलेली दिसते. जावळीच्या खोऱ्यातला एक उतार आकसून पांढराफटक झालेला असतो, तर त्याच्या पाठचा लांबलचक आणि काळा. गाव एकीकडे आणि प्रतिमेतला डोंगर दुसरीकडे. हे दुरुस्त करण्याची कृती पुढे देत आहे. त्यात दोन वेगळी कामे आहेत: प्रत्येक पिक्सेल त्याच्या खऱ्या जागी नेणे, आणि उतारामुळे आलेली खोटी चमक काढणे. पुष्कळजण पहिले काम करून थांबतात आणि दुसरेही आपोआप झाले असे धरून चालतात. ते झालेले नसते.

आधी डोंगर का सरकतो ते

रडार खाली सरळ पाहत नाही, तिरके पाहते, आणि मोजते फक्त अंतर: प्रतिध्वनी किती वेळाने आला. डोंगराचा माथा पायथ्यापेक्षा उपग्रहाला जवळ असतो, म्हणून त्याचा प्रतिध्वनी लवकर येतो आणि प्रतिमेत माथा उपग्रहाच्या बाजूला सरकतो. किती सरकतो, याचा हिशेब सोपा आहे. उंचीला आपाती कोनाच्या, म्हणजे लहर उभ्या रेषेशी करते त्या कोनाच्या, टॅन्जन्टने भागा. सेंटिनेल-१ च्या नेहमीच्या पट्ट्यात हा कोन सुमारे २९ ते ४६ अंश असतो. ३९ अंश धरला तर १००० मीटर उंचीमागे सुमारे १२३५ मीटर सरक येते, ३० अंशाला १७३० आणि ४५ अंशाला बरोबर १०००. मिळणाऱ्या जीआरडी (ग्राउंड रेंज डिटेक्टेड) प्रतिमेत जमीन गुळगुळीत लंबगोल मानलेली असते आणि उंची फार तर एक सरासरी म्हणून धरलेली असते. तीही उपग्रहाच्या वाटेवर बदलते, आडवी बदलत नाही. कोकण आणि देश एकाच आडव्या रेघेत येतात तिथे अशा सरासरीचा उपयोग तो काय?

समोरचा उतार आपाती कोनापेक्षा जास्त खडा असला तर माथा पायथ्याच्याही पुढे जाऊन पडतो. याला लेओव्हर म्हणतात. अशा ठिकाणी माथा, उतार आणि पायथा तिघांचे प्रतिध्वनी एकाच पिक्सेलमध्ये मिसळतात, आणि ते पुन्हा वेगळे करता येत नाहीत. उलट बाजूचा उतार ९० वजा आपाती कोन यापेक्षा खडा असला तर तिथे लहर पोचतच नाही. ती रडारची सावली.

साहित्य

सेंटिनेल-१ ची आयडब्ल्यू, म्हणजे वरच्या नेहमीच्या पट्ट्याच्या, पद्धतीची जीआरडी प्रतिमा, व्हीव्ही आणि व्हीएच दोन्ही ध्रुवणांसह. ती कोपर्निकस डेटा स्पेस या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवता येते. एक फाइल साधारण एक जीबीची असते. युरोपियन स्पेस एजन्सीचे स्नॅप हे सॉफ्टवेअर आणि तपासणीसाठी क्यूजीआयएस, दोन्ही फुकट. संगणकात १६ जीबी रॅम असावी. आठवर काम निघते, पण प्रत्येक पायरीला चहा होतो.

आणि डीईएम, म्हणजे उंचीचा डिजिटल आराखडा. सगळी दुरुस्ती त्याच्या जिवावर उभी आहे, त्यामुळे निवड इथेच नीट करा. एसआरटीएम हा फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर शटलने अकरा दिवसांत मोजलेला आराखडा. कोपर्निकसचा ३० मीटरचा डीईएम हा टॅन्डेम-एक्स या जोडउपग्रहांच्या २०११ ते २०१५ मधल्या मोजणीवरून केलेला. इस्रोचा कार्टोडीईएम कार्टोसॅट-१ च्या जोडचित्रांतून आलेला, भुवनवर मिळतो. सह्याद्रीसाठी माझी पसंती कोपर्निकसला. कड्यांच्या धारा त्यात जास्त स्वच्छ उतरतात. अर्थात तीस मीटरच्या चौकोनाला एकच उंची देणाऱ्या कुठल्याही आराखड्यात हरिश्चंद्रगडाचा आत वळलेला कोकणकडा मावत नाही. तिथे दुरुस्ती नीट होईल ही अपेक्षाच धरू नका.

फेरी निवडा

हे काम सॉफ्टवेअर उघडण्याआधीचे, आणि सर्वांत जास्त फरक यानेच पडतो. सेंटिनेल-१ नेहमी आपल्या उजवीकडे पाहतो. संध्याकाळी सहाच्या सुमारास तो दक्षिणेकडून उत्तरेकडे चढतो तेव्हा त्याची नजर पूर्वेकडे असते. पहाटे सहाच्या सुमारास उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरतो तेव्हा पश्चिमेकडे. म्हणजे चढत्या फेरीला कोकणाकडचे उतार समोर येतात, उतरत्या फेरीला पाठमोरे राहतात.

कोकणाकडचे उतार पाहायचे तर समोरून पाहणारी चढती फेरी बरी, असे सहज वाटते. आकडे उलटे सांगतात. ३०० मीटर लांबीचा, ३५ अंशाचा उतार घ्या, आपाती कोन ३९. रडारला तो थेट समोर असला तर लहर त्याच्यावर जवळजवळ लंब, अवघ्या ४ अंशांनी पडते आणि दहा मीटरच्या पिक्सेलमध्ये अख्खा उतार तीन पिक्सेलांत आटोपतो. तोच पाठमोरा असला तर पंचेचाळीस पिक्सेल मिळतात. पट्ट्याच्या जवळच्या कडेला, जिथे कोन तिशीचा आहे, तिथे समोरचा उतार सरळ लेओव्हरमध्येच जातो. पाठमोऱ्याला सावलीत जायला मात्र ५१ अंश खडेपणा लागतो, आणि तेवढी खडी जमीन म्हणजे कडाच. म्हणून दरडी पाहायला कोकणबाजूसाठी उतरती फेरी घ्या. त्याची किंमत आहे: लहर घसटून जाते, प्रतिध्वनी क्षीण येतो आणि व्हीएच ध्रुवण गोंगाटाच्या पातळीला टेकते. अशा उतारांवर भिस्त व्हीव्हीवर ठेवा. दोन्ही फेऱ्या उपलब्ध असतील तर दोन्ही उतरवा. तपासणीत दुसरी लागणार आहे.

पावसाआधीची आणि नंतरची तुलना करायची असेल तर दोन्ही प्रतिमा एकाच सापेक्ष कक्षा क्रमांकाच्या असल्या पाहिजेत. एक उपग्रह त्याच वाटेवर बारा दिवसांनी परततो. चढतीची एक आणि उतरतीची एक घेऊन वजाबाकी केली तर दरड नव्हे, डोंगराचा आकार हाती लागतो.

कक्षा, गोंगाट आणि कात्री

प्रतिमा स्नॅपमध्ये उघडून 'अप्लाय ऑर्बिट फाइल' चालवा. प्रतिमेसोबत येणारी कक्षेची माहिती घाईत काढलेली असते. अचूक फाइल सुमारे वीस दिवसांनी येते आणि तिची अचूकता पाच सेंटिमीटरच्या आतली असते. घाईचे काम असेल तर काही तासांत मिळणारी मधली फाइल घ्या, तीही दहा सेंटिमीटरच्या आत असते. दहा मीटरच्या पिक्सेलला दोन्ही पुरून उरतात.

मग 'थर्मल नॉइज रिमूव्हल'. पट्ट्यांच्या सांध्यांवर दिसणाऱ्या उभ्या उजळ रेघा, विशेषतः व्हीएचमध्ये, याने मावळतात. जुन्या प्रतिमांच्या कडांना काळपट झालर असते, ती काढायला वेगळे साधन आहे. नव्यांना बहुधा गरज पडत नाही.

कॅलिब्रेशन

इथे एकच गोष्ट लक्षात ठेवा. बीटा-शून्य निवडा. डीफॉल्ट सिग्मा-शून्य असते आणि लोक तेच ठेवून पुढे जातात. सिग्मामध्ये जमीन सपाट आहे असे धरून कोनाची दुरुस्ती आधीच मिसळलेली असते, आणि आपल्याला ती दुरुस्ती खऱ्या डोंगरावरून करायची आहे. बीटामध्ये उताराबद्दल काहीही गृहीत धरलेले नसते.

आता हवा तेवढा भाग कापून घ्या, पण कात्री सैल चालवा. आपल्या भागाच्या पूर्व-पश्चिम दोन्ही अंगांना काही किलोमीटर जास्त ठेवा, कारण आपल्या पिक्सेलमध्ये घुसलेला माथा शेजारच्या डोंगराचा असू शकतो. यानंतर 'मल्टिलुकिंग' करून पिक्सेल वीस मीटरचा करा. दहा मीटरची प्रतिमा तीस मीटरच्या उंचीवर चढवली की डीईएमचे चौकोन उतारांवर जाळीसारखे उमटतात. वीसला ते बरेच कमी होतात, आणि वर प्रतिमेतला दाणेदारपणाही उतरतो.

चमक सपाट करणे

दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्यावर एका बाजूने टॉर्च मारला की त्या बाजूची माती उजळते. माती मात्र दोन्हीकडे तीच असते. रडारमध्ये हे आणखी तीव्र होते, कारण समोरच्या उतारावर एका पिक्सेलमध्ये जमिनीचे जास्त क्षेत्रफळ कोंबले जाते. जास्त जमीन, जास्त प्रतिध्वनी. त्याला कुणी दाट जंगल किंवा ओली माती समजले तर नकाशा फसला.

उपाय झुरिक विद्यापीठाच्या डेव्हिड स्मॉल यांनी २०११ मध्ये नीट मांडला. स्थानिक कोनाचे एखादे सूत्र लावण्याऐवजी डीईएमचा प्रत्येक लहान तुकडा रडारच्या भूमितीत टाकायचा, एका रडार-पिक्सेलमध्ये प्रत्यक्षात किती क्षेत्रफळ उजळले त्याची बेरीज करायची आणि चमकेला त्या बेरजेने भागायचे. यातून निघते ते भूरूप-सपाट गॅमा-शून्य. स्नॅपमध्ये याचे नाव 'टेरेन फ्लॅटनिंग'. डीईएम म्हणून कोपर्निकस ३० मीटर निवडा, आंतरगणन बायलिनियर ठेवा.

ही पायरी वेळखाऊ आहे. अर्ध्यात स्मृती संपल्याची तक्रार आली तर भाग लहान करा. पिक्सेल मोठा करून वेळ मारून नेऊ नका. दाणेदारपणा अजून खटकत असेल तर 'स्पेकल फिल्टर' इथे लावा. दरडीसारखी लहान गोष्ट शोधत असाल तर मी तो लावणार नाही. फिल्टर दाणे पुसतो तशी दरडही पुसतो.

पिक्सेल जागेवर नेणे

आता 'रेंज-डॉप्लर टेरेन करेक्शन'. नावात प्रतिमा सरकवल्याचा भास आहे, पण काम उलट्या दिशेने चालते. सॉफ्टवेअर नकाशाची रिकामी चौकट घेते. तिच्या प्रत्येक चौकोनाची उंची डीईएममधून काढते, उपग्रह कक्षेत कुठे असताना त्या जागेवर नजर पडली हे डॉप्लरच्या अटीवरून ठरवते, तिथून अंतर मोजते आणि त्या अंतराचा पिक्सेल प्रतिमेतून उचलून आणते. म्हणूनच उंची चुकली की चुकीचा पिक्सेल उचलला जातो आणि कुठेही इशारा येत नाही.

खिडकीत पुढच्या गोष्टी भरा. डीईएम आधीचाच. दोन पायऱ्यांना दोन डीईएम वापरले तर चमक एका डोंगरावरून काढली जाते आणि प्रतिमा दुसऱ्याच डोंगरावर बसते. प्रोजेक्शन यूटीएम, विभाग ४३ उत्तर. ७२ ते ७८ अंश रेखांशांत मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर येतात; नागपूरकडे काम असेल तर ४४. पिक्सेल वीस मीटर, प्रतिमेसाठी बायलिनियर.

'मास्क आउट एरियाज विदाउट एलेव्हेशन' ही खूण काढून टाका. ती तशीच राहिली तर समुद्र आणि कधी खाडीचे तोंडही रिकामे होते, आणि बाणकोट खाडीची कड तपासायची वेळ आली की हाती काही उरत नाही. याच खिडकीतला चमकेच्या दुरुस्तीचा पर्याय बंद ठेवा, ते काम झालेले आहे. स्थानिक आपाती कोन आणि डीईएम हे जादा थर जतन करायला सांगा. नव्या आवृत्त्यांत लेओव्हर आणि सावलीचा मुखवटाही इथेच मिळतो: ० म्हणजे ठीक, १ लेओव्हर, २ सावली, ३ दोन्ही. हा मुखवटा आकड्यांचा आहे, त्याला पुन्हा कुठे बसवायची वेळ आली तर निकटतम-शेजारी पद्धतच वापरा. बायलिनियरने ० आणि २ ची सरासरी १ निघेल, आणि सावलीच्या कडेला नसलेला लेओव्हर उगवेल.

मुखवट्यात १, २, ३ आलेले पिक्सेल अंतिम नकाशात रिकामे ठेवा. शेजाऱ्यांवरून ते भरून काढायचा मोह होतो, कारण भोके पडलेला नकाशा दाखवायला बरा दिसत नाही. पण तिथे रडारने काही पाहिलेलेच नाही, किंवा तीन जागा एकत्र पाहिल्या आहेत.

भूजातीयाची गोम

बाहेरून आणलेला डीईएम वापरणार असाल तर हा भाग दोनदा वाचा. कक्षेचे गणित लंबगोलापासूनची उंची मागते, तर बहुतेक डीईएम समुद्रसपाटीपासूनची, म्हणजे भूजातीयापासूनची (जिऑइडपासूनची) उंची देतात. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात भूजातीयाचा जगातला सर्वांत खोल खळगा आहे, आणि त्याचा उतार आपल्याकडेही येतो. पश्चिम महाराष्ट्रात भूजातीय लंबगोलाच्या साठ-सत्तर मीटर खाली आहे. ६५ मीटरची ही गफलत राहिली तर ३९ अंशाला सुमारे ८० मीटर, म्हणजे वीस मीटरचे चार पिक्सेल, प्रतिमा सरकते.

स्नॅपने स्वतः उतरवलेल्या डीईएमला ही दुरुस्ती आपोआप लागते. बाहेरच्या डीईएमसाठी खिडकीत वेगळी खूण असते, आणि ती करायची की नाही हे डीईएमवर ठरते. ओळखायची युक्ती: डीईएम क्यूजीआयएसमध्ये उघडा आणि कोकण किनाऱ्यावरच्या एखाद्या सपाट पुळणीची उंची पाहा. शून्याच्या आसपास असेल तर ती समुद्रसपाटीपासूनची आहे, खूण करा. उणे साठच्या पुढे दिसली तर ती आधीच लंबगोलापासूनची आहे, खूण करू नका. कार्टोडीईएम या दुसऱ्या गटातला आहे.

तपासणी

प्रतिमा पहिल्या नजरेला छान बसलेली दिसते. तिच्यावर विश्वास ठेवण्याआधी वेगवेगळ्या उंचीची तीन ठिकाणे तपासा. महाडजवळचे सावित्रीचे वळण समुद्रसपाटीशी, कोयना धरणाची भिंत साधारण साडेसहाशे मीटरवर, आणि महाबळेश्वरचा वेण्णा तलाव तेराशेच्या आसपास. कोयनेच्या शिवसागर जलाशयाचा किनारा घेऊ नका. मे आणि सप्टेंबर यांत पाणी इतके हलते की चूक जलाशयाची की प्रतिमेची, कळत नाही. भिंत जागची हलत नाही.

सरक उंचीबरोबर वाढत गेली तर डीईएम लागलेलाच नाही किंवा चुकीचा लागला आहे. तिन्ही ठिकाणी जवळपास सारखी असली तर संशय भूजातीयावर घ्या. त्याची खात्री करायला दुसरी फेरी लागते. दोन्ही फेऱ्यांच्या दुरुस्त प्रतिमा एकावर एक ठेवा. उंचीत चूक असेल तर चढती एका बाजूला आणि उतरती बरोबर उलट बाजूला सरकते. भूजातीय विसरल्यास चढतीतला वेण्णा तलाव सुमारे ८० मीटर पूर्वेला आणि उतरतीतला तेवढाच पश्चिमेला दिसेल, मधले अंतर १६० मीटर. दोन्ही एकाच दिशेला सरकल्या असतील तर दोष तुमच्या संदर्भ नकाशात शोधा.

जागा बरोबर आली म्हणजे चमकही बरोबर आली असे नाही. तिच्यासाठी कोयना अभयारण्यातले दाट जंगल घ्या, पूर्व उतार आणि पश्चिम उतार वेगळे काढा आणि दोन्हीकडची व्हीएच गॅमाची सरासरी पाहा. जंगल तेच, म्हणून आकडा जवळपास तोच यायला हवा. चमक सपाट केली नसेल तर दोन-चार डेसिबलचा फरक सहज दिसतो. आलेख काढायचा असेल तर आडव्या अक्षावर जतन केलेला स्थानिक आपाती कोन आणि उभ्यावर गॅमा घ्या. ठिपके तिरके चढत किंवा उतरत असतील तर काम बाकी आहे. सडे आणि खडकाळ पठारे या चाचणीला घेऊ नका, तिथे जमीनच दर शंभर पावलांवर बदलते.

डेसिबलमध्ये रूपांतर सगळ्यात शेवटी. सरासरी, फिल्टर, वजाबाकीआधीचे कोणतेही एकत्रीकरण मूळ आकड्यांवर करा. डेसिबल हे लघुगणक आहेत, त्यांची सरासरी काढली तर उत्तर खाली घसरते.

तयार माल

एवढा खटाटोप टाळता येतो का? काही अंशी. गूगल अर्थ इंजिनवरच्या सेंटिनेल-१ च्या प्रतिमा जागेवर बसवलेल्या असतात, पण त्यांची चमक सपाट केलेली नसते. सांगली-कोल्हापूरच्या सपाट पुराला त्या चालतात, महाडच्या डोंगराला चालत नाहीत. अलास्का सॅटेलाइट फॅसिलिटीकडे मागणी नोंदवली तर दोन्ही दुरुस्त्या केलेली प्रतिमा तयार मिळते, आणि नासाच्या ऑपेरा प्रकल्पाची ३० मीटरची मालिकाही तशीच आहे. घाईत असाल तर तीच घ्या, पण वरची तीन ठिकाणे आणि जंगलाची चाचणी तिच्यावरही करा.

३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या नासा-इस्रोच्या निसारच्या प्रतिमा वापरणार असाल तर फेरी निवडण्याचा वरचा भाग उलटा वाचा. निसार डावीकडे पाहतो. त्याच्या चढत्या फेरीला कोकणाकडचे उतार पाठमोरे येतात, उतरतीला समोर.